मोजणारा घोडा आणि पाहणारे मूल

नंदीबैल घेऊन दारोदार फिरणारे लोक आपल्या खेड्यांतून आता क्वचितच दिसतात. तथापि ज्यांनी लहानपणी तो खेळ पाहिला आहे त्यांना ते दृश्य विसरणे शक्य नाही. पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळ अशा थाटात बैल अंगणात येऊन उभा राही. बैलवाला आपले वाद्य घुमवून त्याला विचारी, यंदा पाऊस पडेल काय? बैल संथपणे मान डोलावी आणि जमलेली मंडळी समाधान पावत. आम्ही मुले तर परीक्षेचा निकालही त्याच्याकडूनच वदवून घेत असू! वाद्याच्या घुमण्यावरून आणि मालकाच्या हालचालीवरून बैल मान हलवितो हे वडीलधाऱ्यांना ठाऊक असे, मालकाला तर असेच असे. आणि त्यावरून कोणी कोणाशी वाद घालीत नसे.

परंतु मालकालाच हे ठाऊक नसते तर? आपला बैल खरोखर विचार करून उत्तर देतो अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा असती, आणि इशारा मात्र त्याच्या नकळत त्याच्याच अंगातून जात असता, तर काय झाले असते? असा प्रकार जर्मनीची राजधानी बर्लिन येथे विसाव्या शतकाच्या आरंभी घडला. त्याची हकीगत प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने अवश्य वाचावी असे मला वाटते. ती घोड्याची म्हणून प्रसिद्ध असली तरी ती खरोखर एका शिक्षकाची हकीगत आहे.

विल्हेल्म फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक होते. प्राण्यांना बुद्धी असते, केवळ त्यांना शाळा मिळत नाही म्हणून ती दिसून येत नाही, असे त्यांचे मत होते. मत मांडून ते स्वस्थ बसले नाहीत. हान्स नावाचा एक घोडा त्यांनी घेतला व घराच्या अंगणात त्याची शाळा सुरू केली. लाकडी खुंट्या, मण्यांची पाटी, फळा, अंकांची व अक्षरांची कार्डे अशी सर्व साधने त्यांनी जमविली. आधी वस्तू दाखवावयाच्या, मग संख्या, मग चिन्ह, असा त्यांचा क्रम होता. आजच्या कोणाही अध्यापनतज्ज्ञाने त्याला नावे ठेवू नयेत इतका तो शास्त्रशुद्ध होता. चाबकाचा उपयोग नाही. बरोबर उत्तराला पावाचा तुकडा किंवा गाजर. सुमारे चार वर्षे हा उद्योग त्यांनी अढळ चिकाटीने चालविला.

१९०४ साली हान्सची कीर्ती सर्वत्र पसरली. तो उजव्या पायाचा खूर आपटून उत्तर देई. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार तर त्याला येतच, अपूर्णांकही येत. आज महिन्याची कोणती तारीख, घड्याळात किती वाजले, अंगणात टोप्या घातलेले गृहस्थ किती, या सर्व प्रश्नांना तो बिनचूक उत्तर देई. अक्षरांचा तक्ता ओळी व स्थाने यांप्रमाणे मांडलेला असे. प्रथम ओळीचा आकडा आणि मग स्थानाचा आकडा आपटून हान्स शब्दांचे स्पेलिंगही करी. होय आणि नाही यांसाठी तो मान हलवी. फॉन ओस्टेन यांनी प्रेक्षकांकडून एक पैही घेतली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विशेष असे की मालक जवळ नसतानाही परक्या माणसाच्या प्रश्नांना हान्स पुष्कळदा बरोबर उत्तरे देई. लबाडीचा संशय घेणाऱ्यांचे तोंड त्यामुळे बंद झाले.

त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात तेरा जणांच्या एका मंडळाने घोड्याची परीक्षा घेतली. बर्लिन विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल श्टुम्फ हे त्यात प्रमुख होते. त्यांच्याबरोबर प्राणिसंग्रहालयाचे संचालक, सर्कशीचे व्यवस्थापक, पशुवैद्य, लष्करी अधिकारी आणि शाळामास्तरही होते. सर्कशीच्या माणसाला घेण्यात मोठे शहाणपण होते. इशाऱ्यावर नाचणारे घोडे त्याने आयुष्यभर पाहिलेले होते. या मंडळाने १२ सप्टेंबर १९०४ रोजी निर्वाळा दिला की नेहमीच्या अर्थाची कोणतीही युक्ती येथे आढळत नाही. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ घोडा विचार करतो असा लावला. श्टुम्फ यांनी मात्र पुढील तपास आपल्या एका तरुण सहकाऱ्याकडे सोपविला. त्याचे नाव ऑस्कर फुंग्स्ट.

फुंग्स्ट याने योजिलेली युक्ती इतकी साधी आहे की ती कोणत्याही शाळेत उद्या करता येईल. घोड्याला अंक दाखवावयाचे ते दोन प्रकारे. एका प्रकारात कार्डावरील अंक प्रश्न विचारणाऱ्याने पाहिलेला असे. दुसऱ्या प्रकारात कार्ड अशा रीतीने धरलेले असे की ते केवळ घोड्याला दिसावे, विचारणाऱ्याला मुळीच दिसू नये. पहिल्या प्रकारात हान्सची जवळजवळ सर्व उत्तरे बरोबर आली. दुसऱ्या प्रकारात शंभरात दहासुद्धा बरोबर आली नाहीत! बेरजेचेही तेच झाले. एकाने घोड्याच्या कानात एक संख्या सांगावी, दुसऱ्याने दुसरी सांगावी, आणि दोघांनाही परस्परांची संख्या कळू नये, अशी व्यवस्था केल्याबरोबर घोड्याचे अंकगणित नाहीसे झाले. अर्थ उघड आहे. उत्तर जेव्हा माणसाला ठाऊक असे तेव्हाच ते घोड्याला ठाऊक होई.

पण ते माणसाकडून घोड्याकडे जाई कसे? फुंग्स्ट याने घोड्याच्या डोळ्यांना मोठ्या झापडा लावल्या. विचारणारा दिसेनासा झाला की उत्तरे चुकत, आणि हान्स त्याला पाहण्यासाठी मान वळवून धडपड करी. फळ्याकडे किंवा कार्डाकडे तो कधी नीट पाहतच नसे. त्याची दृष्टी विचारणाऱ्यावर खिळलेली असे. प्रश्न तोंडाने उच्चारण्याचीही आवश्यकता नव्हती, मनात आणला तरी काम भागे. मग फुंग्स्ट याने घोड्याकडे पाहणे सोडून माणसाकडे पाहण्यास सुरुवात केली आणि कोडे उलगडले. प्रश्न विचारून झाला म्हणजे विचारणारा खुराकडे पाहण्यासाठी किंचित पुढे झुके. घोडा आपटू लागे. अपेक्षित संख्या येताच विचारणाऱ्याच्या मनावरील ताण सुटे आणि त्याचे डोके अगदी सूक्ष्म प्रमाणात वर उचलले जाई, केवळ एखादा मिलिमीटर. घोडा थांबे. फॉन ओस्टेन यांच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी असे. तिच्यामुळे ही हालचाल घोड्याला अधिकच स्पष्ट दिसत असावी. विचारणारा मुद्दाम वाकून राहिला तर हान्स उत्तराच्या पुढे कितीही आपटीत राही. अकाली ताठ झाला तर मधेच थांबे.

तपासातील सर्वांत मार्मिक भाग यापुढचा आहे. फुंग्स्ट याने प्रयोगशाळेत स्वतः घोड्याची भूमिका घेतली. समोरच्या माणसाने मनात एखादी संख्या धरावयाची, फुंग्स्ट याने हाताने टेबलावर टकटक करावयाची, आणि समोरच्याच्या चेहऱ्यामानेकडे पाहून योग्य ठिकाणी थांबावयाचे. पंचवीस माणसांपैकी दोघांखेरीज सर्वांनी त्याला नकळत इशारा दिला, आणि आपण तो दिला याची त्यांच्यापैकी कोणालाही कल्पना नव्हती. इतकेच नव्हे, सर्व रहस्य कळल्यावरही स्वतः फुंग्स्ट याला घोड्यासमोर उभे राहिले असता ती हालचाल पूर्णपणे आवरता येईना. १९०७ साली त्याने हा सर्व वृत्तान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

फॉन ओस्टेन यांना हे पटले नाही. चुकीची उत्तरे येऊ लागली तेव्हा ते प्रथम घोड्यावर रागावले, नंतर तपास करणाऱ्यांवर. १९०९ साली त्यांचा अंत झाला. त्यांना ढोंगी म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याने चार वर्षे जीव ओतून शिकविले, त्याला आपला विद्यार्थी विषय न शिकता केवळ आपला चेहरा शिकला हे ऐकून घेणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना शिक्षकालाच येईल. मला ती आहे, आणि कशी आहे ते सांगणे येथे प्राप्त आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी तिसरीचा वर्ग शिकवीत होतो. वर्गात एक मुलगा होता. पहिल्या बाकावर बसे व प्रत्येक प्रश्नाला हात वर करी. पाढ्यांच्या तोंडी प्रश्नांत त्याचे उत्तर सहसा चुकत नसे. उत्तर देण्याची त्याची एक तऱ्हा होती, तिचे मला कौतुकच वाटे. आठ साते किती, असे विचारले की तो थोडा रेंगाळत म्हणे, “चौपन्न... नाही गुरुजी... पंचावन्न... छप्पन्न!” आणि छप्पन्न म्हणताच ठामपणे थांबे. मुलगा विचार करतो, स्वतःची चूक स्वतः सुधारतो, असे मी इतर शिक्षकांना अभिमानाने सांगत असे. पुढे वार्षिक तपासणीला विस्तार अधिकारी आले. त्यांनी हजेरीपटात डोके घालूनच, वर न पाहता, त्या मुलाला तोच प्रश्न विचारला. मुलगा उभा राहिला. “चौपन्न” म्हणाला. साहेबांचे डोके वर आले नाही. “पंचावन्न” म्हणाला. “छप्पन्न” म्हणाला, “सत्तावन्न” म्हणाला, “अठ्ठावन्न” म्हणाला. त्र्याहत्तरपर्यंत तो गेला असेल. सारा वर्ग खदखदून हसू लागला आणि मला सांगावयास लाज वाटते, मीही हसलो. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्या मुलाने हात वर केला नाही.

हान्सची हकीगत मी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी वाचली. वाचता वाचता तो मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. छप्पन्न हा शब्द त्याच्या तोंडून निघताच माझ्या भुवया वर जात असल्या पाहिजेत, खडूचा हात सैल पडत असला पाहिजे. आणि ते बारकावे तो मुलगा वर्षभर निष्ठेने शिकत होता. त्याला मंद म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? माणसाचे मन वाचण्याची एवढी सूक्ष्म शक्ती ज्याच्या अंगी आहे, तो आठचा पाढा शिकू शकला नसता असे नव्हे. तो शिकण्याची गरजच मी त्याला कधी भासू दिली नव्हती.

प्राण्यांच्या बुद्धीविषयीही हेच म्हणावे लागते. हान्सला गणित येत नव्हते, म्हणून तो मूर्ख ठरत नाही. तेरा विद्वानांना एकमेकांच्या ठिकाणी जे दिसले नाही ते त्याला दिसले. १९१६ नव्हे, अगदी २०१६ साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांना माणसांच्या रागीट व आनंदी चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली, तेव्हा रागीट चेहरा पाहून घोड्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढतात असे आढळून आले. छायाचित्रातील राग ज्याला कळतो, त्याला धन्याच्या मानेची हालचाल न कळती तरच नवल.

बर्लिनच्या धड्यानंतर प्राण्यांची परीक्षा घेणाऱ्यांनी आपली पद्धती बदलली. श्टुम्फ यांचेच विद्यार्थी वोल्फगांग क्योलर हे १९१३ साली तेनेरीफ बेटावर चिंपांझींच्या अभ्यासासाठी गेले. तेथे सुलतान नावाच्या चिंपांझीने दोन पोकळ काठ्या एकमेकींत बसवून लांबचे केळे ओढून घेतले. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ सालापासून अ‍ॅलेक्स नावाच्या करड्या पोपटाला तीस वर्षे शिकविले. रंग, आकार आणि सहापर्यंतच्या संख्या तो इंग्रजी शब्दांत सांगे. त्यांच्या काही परीक्षांत मुख्य परीक्षिका तबकाकडे पाठ करून बसे आणि पोपट जे बोलला ते ऐकू आले तसे उच्चारी. तबकात काय आहे हे तिला ठाऊकच नसल्यामुळे तिच्याकडून सूचना जाण्याचा प्रश्न उरत नसे.

आता वर्गाकडे येऊ. शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम शिकणाऱ्यावर किती होतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल यांनी प्रथम उंदरांवर तपासले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना सांगण्यात आले की तुमचे उंदीर हुशार कुळीचे आहेत. इतरांना सांगितले, तुमचे मंद कुळीचे. वास्तविक उंदीर सारखेच होते. तरीही ‘हुशार’ उंदीर भुलभुलैयातून वाट काढण्यास अधिक चांगले शिकले, कारण त्यांना अधिक मायेने हाताळले गेले. फुंग्स्टच्या ग्रंथाची नवी आवृत्ती १९६५ साली याच रोझेन्थाल यांनी संपादिली. १९६८ साली त्यांनी व लेनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेतील अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांची नावे चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडून, ही मुले यंदा विशेष प्रगती करतील असे शिक्षकांना सांगितले होते. पहिली-दुसरीच्या वर्गांत तसा फरक दिसला. वरच्या वर्गांत तो दिसला नाही. या अभ्यासावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि परिणाम प्रथम वाटला तितका मोठा नसतो असे आज मानले जाते. तरीही तो नसतो असे कोणी म्हणत नाही, आणि तो दिसला कोठे, तर लहानांच्या वर्गात, ही गोष्ट आपण प्राथमिक शिक्षकांनी दुर्लक्षिण्यासारखी नाही.

प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने दोनतीन गोष्टी सुचवितो. त्यांसाठी मंजुरी वा खर्च लागत नाही. तोंडी प्रश्न विचारल्यावर सर्व मुलांनी उत्तर पाटीवर लिहून पाटी उलटी धरावी, आणि सांगितल्यावर एकदम वर करावी. चेहरा वाचण्यास अवसरच राहत नाही. दुसरी युक्ती थेट फुंग्स्टची. अंकांची कार्डे खोक्यात घालून मुलाने ती काढावी व वर्गाला दाखवावी. शिक्षकाने पाठ करून उभे राहावे. उत्तर बरोबर की चूक हे वर्गाने ठरवावे आणि शिक्षकाला पटवून द्यावे. मी हे अनेकदा केले आहे. शिक्षकालाही उत्तर ठाऊक नाही हे कळताच मुले ज्या आवेशाने हिशेब समजावून सांगतात, तो पाहण्यासारखा असतो. तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. ‘कसे आले?’ हा प्रश्न आपण केवळ चुकीच्या उत्तरानंतर विचारतो. त्यामुळे तो प्रश्न हाच इशारा होतो आणि मूल तत्काळ उत्तर बदलते. तो बरोबर उत्तरालाही तितक्याच सहजपणे विचारावा. त्याबरोबर थांबण्याचीही सवय लावून घ्यावी. १९७० नंतरच्या दशकात मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून पाहिली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदभरच थांबतो असे दिसले. तोच काळ तीन सेकंदांपर्यंत वाढविला की मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्ण होत आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागत.

चेहरा कोरा ठेवा असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. परीक्षेपुरती पाठ फिरविणे वेगळे आणि दिवसभर दगडासारखे बसणे वेगळे. हसण्याविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण माझ्या त्या वर्गात मोडले ते हसण्यानेच. याक पांक्सेप या शास्त्रज्ञाने १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले की उंदरांना गुदगुल्या केल्या असता ते सुमारे पन्नास किलोहर्ट्झ इतक्या उंच स्वरात चिवचिवतात. माणसाच्या कानाची मर्यादा वीस किलोहर्ट्झच्या आसपास असल्यामुळे हे हसणे आपल्याला साध्या कानाने ऐकूच येत नाही. गुदगुल्या करणाऱ्या हाताचा उंदीर पाठलाग करतात. पण मांजराचा वास आला की चिवचिव मंदावते. २०१६ साली बर्लिनमध्येच, हान्सची परीक्षा घेणाऱ्या श्टुम्फ यांच्याच विद्यापीठाच्या परंपरेत, असे आढळले की उंच उघड्या फळीवर ठेवून भेदरविलेल्या उंदराला गुदगुल्या लागत नाहीशा होतात. तेथीलच संशोधकांनी २०१९ साली उंदरांना लपंडाव शिकविला. बक्षीस म्हणून खाणे दिले नाही, केवळ गुदगुल्या आणि खेळ. आणि उंदीर लपण्याचे व शोधण्याचे नियम शिकले.

भय आणि हसणे एका जागी नांदत नाहीत, हे उंदरावरून कळावे लागते असे नाही. तथापि वर्गात हसण्याचे दोन प्रकार असतात, याचा विवेक आपण नेहमी ठेवतोच असे नाही. पाठ करून उभ्या असलेल्या शिक्षकाने चुकीचा अंदाज केला आणि वर्ग हसला, तर ते हसणे सर्वांचे असते, शिक्षकाचेही. उभ्या असलेल्या एका मुलावर चाळीस जण हसतात तेव्हा त्या मुलाच्या पायाखाली ती उंच फळी येते. पहिल्या प्रकारच्या हसण्याला वर्गात मुद्दाम जागा करून द्यावी. माझा अनुभव असा की आठवड्यातून एकदा फळ्यावर जाणूनबुजून एक चूक करावी आणि ती शोधणाऱ्याला खडू द्यावा. मुले त्या तासाची वाट पाहतात, आणि चूक हातून होण्याची त्यांची भीती हळूहळू कमी होते.

त्या मुलाचे पुढे काय झाले हे वाचकांना विचारावेसे वाटेल. चौथीला तो माझ्याकडे नव्हता. त्याला शिकविणाऱ्या बाई वयाने माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. त्यांनी त्याच्यापुढे चिंचोक्यांची पिशवी ठेवली आणि आठ आठचे सात ढीग करावयास सांगून त्या दुसऱ्या वर्गाकडे निघून गेल्या. मी व्हरांड्यातून जात होतो. ढीग झाले होते. मुलाने एकदा मोजले, पुन्हा सर्व एकत्र करून मोजले. मग त्याने वर पाहिले. समोर मी दिसल्यावर क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मान खाली घातली आणि तिसऱ्यांदा मोजावयास बसला.